तोच चेहरा, तीन भाव?

हा प्रयोग तुम्ही वाचला असेलच. १९२० च्या सुमारास रशियात लेव्ह कुलेशॉव्हने इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच शॉट तीन दृश्यांना जोडला: सूपची बशी, शवपेटीतली बाई, खेळणारी छोटी मुलगी. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर विचार, दुःख आणि आनंद दिसला म्हणे.

आता त्या ‘म्हणे’कडे बघा. ती फिल्म आज उपलब्ध नाही. ही प्रसिद्ध हकीकत आपल्यापर्यंत आली ती त्याचा शिष्य पुदोव्किनकडून. खुद्द कुलेशॉव्हच्या आठवणीत तपशील वेगळे आहेत. १९९२ मध्ये प्रिन्स आणि हेन्सली यांनी प्रयोग पुन्हा करून पाहिला, तर अपेक्षित परिणाम मिळाला नाही. २००६ मध्ये मॉब्स आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या स्कॅनसह तपासलं, तेव्हा मात्र आसपासच्या दृश्याने चेहऱ्याबद्दलचं मत बदललं.

म्हणजे कल्पना टाकाऊ नाही, पण पुरावा कोणता ते नीट बघा. सिनॉप्सिसमध्ये कुलेशॉव्ह इतिहास म्हणून जरूर सांगा. आधार म्हणून नंतरचे प्रयोग द्या, फसलेल्यासकट. नाहीतर व्हायवात कुणी विचारेल, ‘मूळ डेटा कुठंय?’ आणि तेव्हा तुमचा चेहरा वाचायला कुठलंही दुसरं दृश्य लागणार नाही!