लोकरीचा धागा आणि विणणारीचे हात

ज्युबिलीच्या निमित्तानें आमच्या धर्मग्रामांतील भगिनींनीं स्वहस्तें विणलेल्या लोकरी वस्त्रांचें जें तीन दिवसांचें प्रदर्शन भरविलें, त्यास आम्ही प्रथम थोड्या नाखुषीनेंच गेलों, हें कबूल करणें प्राप्त आहे. ‘फॅशन शो’ ह्या शब्दानेंच आमच्या कपाळास आठी पडली होती. पण शाळेच्या दिवाणखान्यांत जाऊन पाहतों तों, गेल्या रविवारीं मिस्सांत जिनें वाचन केलें तीच मुलगी आजीनें विणलेला स्वेटर घालून संकोचानें चार पावलें टाकीत आहे, आणि आजी पहिल्या बांकावर बसून डाव्या बाहीवरील चुकलेला टांका सर्वांच्या आधीं हेरीत आहे! आमचा गैरसमज तेथेंच गळाला.

मात्र त्याच संध्याकाळीं एक चूक आमच्या हातून घडली. विकावयाच्या वस्तूंवर किंमतीच्या चिठ्ठ्या लावण्याचें काम आम्हांकडे होतें. आम्हीं लोकरीच्या गुंड्यांचा भाव विचारिला, त्यावर थोडेंसें चढविलें, आणि बाळाच्या टोपड्यास चिठ्ठी अडकविली. एका वृद्ध बाईनें ती वाचून हळूच विचारिलें, “फादर, लोकर विकत आणली, हात का फुकट आले?” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. सुचलें तें त्या रात्रीं ग्रंथ चाळतांना, आणि तेंच येथें वाचकांपुढें ठेवितों.

मागावरचें विणणें आणि सुयांवरचें विणणें ह्या दोहोंस आपल्या मराठींत एकच शब्द असल्यामुळें घोटाळा होतो. प्रभूच्या ज्या बिनशिवणीच्या झग्यावर शिपायांनीं चिठ्ठ्या टाकिल्या, तो योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणें वरपासून सबंध विणलेला होता. परंतु त्या काळीं आजच्यासारखें सुयांवरचें विणकाम असल्याचा पुरावा नाहीं. त्याचे जुने नमुने मिसर देशांत सांपडले आहेत, व तेहि फार तर हजारएक वर्षांचे. असें असतांहि सुमारें १४०० सालीं एका जर्मन चित्रकारानें बुक्स्टेहूडे येथील वेदीच्या फलकावर पवित्र मरिया चार सुया हातीं घेऊन लहानसा सदरा विणीत आहे असें रंगविलें. तो फलक आज हॅम्बुर्गच्या चित्रसंग्रहालयांत आहे. इतिहासाच्या दृष्टीनें तें चूकच. पण त्या चित्रकारानें आपल्या गांवच्या बायकांना तसें बसलेलें पाहिलें असलें पाहिजे. त्याहून जुनी वस्तु स्पेनमधील बुर्गोसजवळच्या लास उएल्गास मठांत निघाली. १२७५ सालीं वारलेल्या फेर्नांदो दे ला सेर्दा ह्या राजपुत्राच्या कबरींत रेशमी विणकामाची उशी होती, आणि तिजवर अरबी अक्षरें आहेत. ती मुसलमान कारागिराच्या हातची असें विद्वान मानतात; म्हणजे ख्रिस्ती राजपुत्राचें मस्तक त्याच्या टांक्यांवर विसावलें होतें.

१५८९ सालीं इंग्लंडांत विल्यम ली ह्यानें मोजे विणण्याचें यंत्र काढिलें. तो स्वतः पाळक होता अशी परंपरा आहे. (पाळकांची विणकामांत लुडबूड करण्याची खोड जुनीच दिसते!) तेव्हांपासून हातानें विणणारीस यंत्राशीं झगडणें भाग पडलें, आणि यंत्रास न साधणारें बारीक काम जेथें होई तेथेंच ती टिकून राहिली.

असें एक ठिकाण म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेस समुद्रांत पसरलेलीं शेटलंड बेटें. पुरुष मासेमारीस दर्यावर. शेत, गुरें व जळण बायकांच्या माथीं. सरपणाच्या मातीचीं ढेंकळें भरलेली टोपली पाठीवर आणि हातांत सुया, अशा त्या वाट चालत. कमरेच्या चामडी पट्ट्याला भोकें असत. त्यांत एक सुई खोंवली कीं हात मोकळा राही. मेंढीच्या मानेची मऊ लोकर कातरीनें न कापतां हातानें उपटून घेत, व तिचा केसासारखा धागा कांतून अशी शाल विणीत कीं ती सबंध लग्नाच्या अंगठींतून ओढून काढतां येई. त्याच बेटांत जन्मलेला आर्थर अँडरसन हा पुढें मुंबई बंदरांत ज्यांच्या आगबोटी येऊं लागल्या त्या पी. अँड ओ. कंपनीचा एक संस्थापक. त्यानें १८३७ सालीं व्हिक्टोरिया राणीस शेटलंडचे मोजे नजर केले. १८५१ सालीं लंडनच्या महाप्रदर्शनांत तेथील शाली मांडिल्या गेल्या, आणि श्रीमंत स्त्रियांत त्यांची आवड पसरली.

पण विणणारीच्या हातीं काय पडे? बहुधा रोकड नव्हे. दुकानदार शाल घेई व मोबदल्यांत चहा किंवा कापड देई. घरीं पीठ नसलें तर तिनें ती चहाची पुडी दुसऱ्या कोणास देऊन पीठ मिळवावें. रोख मागितल्यास किंमत उतरे. १८७२ च्या जानेवारींत विल्यम गथ्री हा सरकारी आयुक्त लर्विक गांवीं आला. त्यानें ह्या बायकांच्या जबान्या प्रश्नोत्तररूपानें लिहून घेतल्या, व त्या छापल्याहि गेल्या. १८८७ सालीं कायदा अधिक कडक झाला, तरी ही चाल पुढें बरीच वर्षें रेंगाळली.

विसाव्या शतकांतील गोष्ट थोडक्यांत सांगतों. १९२२ सालीं वेल्सच्या राजपुत्रानें गोल्फ खेळतांना तेथील फेअर आइलचा रंगीबेरंगी स्वेटर घातला आणि त्याची एकदम चलती झाली. १९२७ सालीं पॅरिसमध्यें एल्सा स्कियापारेल्ली हिनें काळ्या स्वेटरावर गळ्याशीं पांढऱ्या फितीची गांठ बांधल्याचा भास काढिला व ती प्रसिद्धीस आली. स्वेटर विणला अर्थात् तिनें नव्हे. एका अर्मेनियन बाईनें. तिचें नांव विचारूं जातां दहांतले नऊ जण गप्प राहतील.

दुसऱ्या दिवशीं सकाळच्या मिस्सानंतर आम्हीं त्या वृद्ध बाईंस बोलावून चिठ्ठ्या पुन्हां लिहिल्या. त्यांनीं तास सांगितले, आम्हीं मांडिले. टोपड्याची किंमत तिपटीहून वर गेली, आणि घासाघीस करणाऱ्या एका सद्गृहस्थांस आमच्याकडून लर्विकची सारी हकीकत ऐकावी लागली. त्यांनीं टोपडें घेतलें. दोन शाली मात्र अद्याप विकल्या गेल्या नाहींत. त्या पाळकगृहाच्या कपाटांत डांबराच्या गोळ्या घालून ठेविल्या आहेत.