सिंकखालचा फुगलेला बोर्ड कोणाच्या खात्यावर?

अंधेरी असो वा मुलुंड, बोरिवली असो वा घाटकोपर, भाड्याचे घर रिकामे होताना शेवटचा वाद बहुधा स्वयंपाकघरात होतो. भिंतींच्या रंगावर तडजोड होते. ओट्याशी आले की डिपॉझिट अडते. सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगलेला असतो, बिजागऱ्या गंजलेल्या असतात, ट्रॉली अडकत असते. मग घरमालक, ब्रोकर आणि सोसायटीतले जाणते मिळून एकच निवाडा देतात: जो राहिला, त्याने भरावे. हा निवाडा इतका रुळला आहे की भाडेकरूही तो मुकाट्याने मान्य करतो. कायद्याला तो मान्य नाही आणि तर्कालाही नाही.

आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. घरमालक म्हणजे प्रत्येक वेळी धनाढ्य असामी नसते. अनेकदा तो निवृत्त असतो, फ्लॅटचे हप्ते भाड्यातून फेडत असतो. मॉड्युलर किचनला त्याने लाखाच्या घरात खर्च केलेला असतो. भाडेकरू अकरा महिन्यांनी निघून जातो आणि बिघाड कळतो तो त्यानंतर. शिवाय हा करार लिव्ह अँड लायसन्सचा, भाडेपट्ट्याचा नव्हे. म्हणून पट्टेदाराला मिळणारे संरक्षण इथे मागता येत नाही. घर जसे दिले तसे परत करायचे, एवढेच. या युक्तिवादातला शेवटचा भाग सर्वांत भक्कम आहे, म्हणून त्यालाच आधी हात घालतो.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ भाडेकरूला वास्तू मूळ स्थितीत परत करायला सांगते, पण वाजवी वापराने झालेली झीज त्यातून वगळते. हे कलम पट्ट्याला लागू आहे, परवान्याला नाही, हे खरे. पण मग परवाना म्हणजे काय? त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्याचे कलम ५२ सांगते की परवान्याने जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. फक्त वापराची मुभा मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ परवान्यापुरता याच पायावर उभा आहे. मुदत संपूनही परवानाधारक हलला नाही, तर कलम २४ प्रमाणे त्याच्याकडून दुप्पट शुल्काने भरपाई वसूल होते. बाहेर काढताना ‘तुझा या घराशी संबंध नाही’ म्हणायचे आणि कपाट फुगले की ‘हे घर सांभाळणे तुझे काम’ म्हणायचे, ही दोन विधाने एकाच तोंडी कशी शोभतील? ज्याला हक्कच नाही, त्याच्यावर मालकीचा भार कुठून आला?

शिवाय मूळ कागद तरी कोण वाचतो? राज्याच्या ऑनलाइन नोंदणीतला लिव्ह अँड लायसन्सचा प्रचलित मसुदा काढून पाहा. परवानाधारकाने केलेले नुकसान त्याने स्वखर्चाने दुरुस्त करावे, असे त्यात आहे. त्याच वाक्यात सामान्य झीज वगळलेली आहे. कलम १०८ दारातून बाहेर काढले, तरी तेच तत्त्व करारातून घरात येते.

आता फुगलेल्या बोर्डाकडे येऊ. भाडेकरू राहत असताना बोर्ड फुगला, म्हणून त्यानेच फुगवला, हा काकतालीय न्याय झाला. कावळा बसला आणि फांदी तुटली. कारण वस्तूतच शोधावे लागते. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा, बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइड रेझिनने दाबलेला. हे रेझिन पाण्यापुढे टिकत नाही. आयएस ७१० मानकाचा मरीन प्लाय ७२ तास पाण्यात उकळून तपासला जातो, कारण तो ओलाव्यासाठीच घडवलेला असतो. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांपुढे जाते. अशा शहरात, नळाखालच्या कपाटात स्वस्त बोर्ड बसवायचा निर्णय कोणी घेतला? भाडेकरूने नक्कीच नाही. ट्रॅपचा रबरी वॉशर वयाने कडक होतो, सिंकच्या कडेचे सिलिकॉन सुटते. स्वयंपाकघर दिले ते स्वयंपाकासाठी. तिथे पाणी सांडणे, वाफ उठणे, फोडणीचा तेलकट थर बसणे हा वापर आहे.

भाडेकरूचे दोष झाकण्याचा माझा हेतू नाही. पाईप गळतो हे दिसत असूनही त्याने महिनोन्‌महिने कळवले नाही, तर वाढलेले नुकसान त्याचेच. जड वस्तू आपटून ग्रॅनाईटला तडा गेला, तर तोही त्याचाच. पण हे सिद्ध कोणी करायचे? जो मागतो त्याने. पुराव्याच्या कायद्याचा हा पहिला धडा आहे आणि डिपॉझिट हातात आहे म्हणून तो बदलत नाही.

डिपॉझिट ही दंडाची रक्कम आहे, अशीही एक समजूत आहे. करार कायदा, १८७२ चे कलम ७४ वाजवी भरपाईपलीकडे जाऊ देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशनदास (१९६३) मध्ये ठेव जप्त करण्यालाही हे कलम लावले, आणि कैलाशनाथ असोसिएट्स (२०१५) मध्ये नुकसानच झाले नसेल तर भरपाई नाही, असे स्पष्ट केले. ते खटले जमिनींच्या सौद्यांचे होते. तत्त्व मात्र कराराचे आहे. म्हणून आठ वर्षे वापरलेल्या ट्रॉलीसाठी नव्या ट्रॉलीची किंमत कापणे म्हणजे मालकाने नुकसानीतून नफा कमावणे होय.

अलीकडे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याचा दाखला दिला जातो. त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत स्वयंपाकघरातल्या जोडण्यांची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे, हे खरे आहे. पण हा नमुना आहे. राज्याने कायदा केल्याशिवाय तो कोणाला बांधत नाही. आणि ती अनुसूची वाचायचीच असेल, तर पूर्ण वाचावी. नळजोडणीचे पाईप बदलणे आणि वायरिंग मालकाकडे आहे. त्याच कायद्यात राहत्या घराचे डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरते मर्यादित आहे. ही मर्यादा पाळायला किती घरमालक तयार होतील?

खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली, की सोसायटीची नोटीस कोणाच्या नावे निघते? सभासदाच्या. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सिंक किंवा शौचालयातून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च फ्लॅटधारकावर ठेवला आहे. मग बंद दाराआड तोच खर्च भाडेकरूकडे सरकतो, तो कोणत्या न्यायाने?

घरमालकाला खरोखर न्याय हवा असेल, तर मार्ग उघडा आहे. घर देताना सिंकखालचे कपाट उघडून फोटो घ्यावेत, फर्निचरची यादी वस्तूच्या वयासह करारात जोडावी, आणि करार नोंदवावा. नोंदणीची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे. ती त्याने टाळली, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत.