चारशे मीटरचा भ्रम

दुकान, दवाखाना, बँक घरापासून पायी पाच-दहा मिनिटांवर आली की रहिवासी समाधानी, असा एक सिद्धान्त नगररचनेत सध्या मिरवतो आहे. पॅरिसने २०२० मध्ये ‘पंधरा मिनिटांचं शहर’ म्हणून त्याचा गाजावाजा केला. पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यातल्या लोकांना त्यात नवल वाटू नये. तिथल्या मोसे खोऱ्यात ही कल्पना त्याआधीच बांधून झाली होती.

या खोऱ्यातल्या लवासा या नियोजित शहरातल्या दासवेचा आराखडा एचओके या अमेरिकी संस्थेने केला. तळ्याकाठी दुकानं, लगतच घरं, सगळं पायी. आराखडा अमेरिकेत पारितोषिकपात्रही ठरला. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची काम थांबवण्याची नोटीस आली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, आणि ठरलेली वस्ती भरलीच नाही.

प्रतिपक्ष म्हणेल, दोष नोटिशीचा आणि कर्जाचा. आराखड्याचा काय संबंध? कबूल. पण नोटिशीमुळे घर आणि दुकान यांतलं अंतर एका इंचानेही वाढलं नव्हतं. आटलं ते गिऱ्हाईक. वाणी दुकान मीटरवर चालवत नाही, गल्ल्यावर चालवतो. वॉल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये हेच शास्त्रात बसवलं: किमान गिऱ्हाईक नसेल तर दुकान टिकत नाही. आणि ज्याच्या नावावर पायी अंतराचा दाखला दिला जातो, त्या अमेरिकी नियोजक क्लॅरेन्स पेरीने १९२९ च्या आपल्या आराखड्यात दुकानं वस्तीच्या मध्यभागी ठेवलीच नव्हती. कडेला, रहदारीच्या चौकात ठेवली होती, म्हणजे शेजारच्या वस्त्यांचंही गिऱ्हाईक यावं. आजचे अनुयायी त्याचं सुमारे चारशे मीटर त्रिज्येचं पायी अंतराचं वर्तुळ तेवढं उचलतात, चौक विसरतात.

मुळशी तालुक्याचं ठाणं असलेल्या पौडला कुणी पारितोषिक दिलेलं नाही. पण तिथे रस्ता आहे, तहसील कचेरी आहे, म्हणून वाड्या-वस्त्यांवरचा माणूस सातबारा, खत, औषध, किराणा एकाच फेरीत उरकतो. त्याला अंतर लांबच पडतं, आषाढात तर फारच. फेरी मात्र वाया जात नाही. ‘समाधानी आहात का?’ विचारलंत तर ‘हाय की’ म्हणेल. ते समाधान नव्हे, सवय आहे, आणि रहिवाशांच्या समाधानाच्या पाहणीच्या तक्त्यात दोन्हींना एकच रकाना असतो.

तेव्हा मुळशीत अशी पाहणी करणाऱ्यांना विनंती: दुकान किती लांब, हे नकाशावरून मोजा. लोकांना विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, गेल्या दोन पावसाळ्यांत तुमच्याकडचं कोणतं दुकान बंद झालं?