एडिंबरोहून मुळशीस

पुण्याहून पौडमार्गें ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. श्रोत्यांपैकीं अनेकांनीं तो पाहिला असेल. पावसाळ्यांत डोंगरांवरून उतरणारे ढग त्या पाण्यास टेकतात, तेव्हां हें सरोवर सृष्टीच्या आरंभापासून येथेंच असावें असें पाहणारास वाटतें. वस्तुतः १९२७ सालापूर्वीं तेथें निळा व मुळा या नद्यांचें खोरें होतें, आंबेमोहोर भाताचीं खाचरें होतीं आणि ५० हून अधिक गांवें नांदत होतीं. तीं वांचविण्यासाठीं १९२१ ते १९२४ या काळांत जो सत्याग्रह झाला, त्याचा सेनापति मात्र या खोऱ्यांत जन्मलेला नव्हता. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजीं नगर जिल्ह्यांतील पारनेर येथें झाला. आणि मुळशीस पोंचण्यापूर्वीं त्यांची वाट स्कॉटलंड, लंडन व पॅरिस अशा फार मोठ्या वळणानें गेली होती. दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर, तें आपलेंच घर असल्याप्रमाणें, ठाण मांडून बसण्याची बुद्धि या माणसास कोठून झाली, हें समजण्यास त्या वळणाचा विचार करणें अवश्य आहे.

डेक्कन कॉलेजांत शिकलेले बापट १९०४ सालीं मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ति मिळवून यंत्रविद्येच्या अभ्यासासाठीं एडिंबरोस गेले. माणूस स्वगृहीं असतो तोंपर्यंत घर म्हणजे अंगण, विहीर, आळी आणि ओळखीचे चार आवाज. परमुलखांत या खुणांना मोल उरत नाहीं. तेथें “आपण पारनेरचे काय?” असें कोणी विचारीत नाहीं; “हिंदुस्थानचे काय?” असेंच विचारतात; आणि तें उत्तर पुनःपुन्हां देतां देतां माणूस खरोखरच हिंदुस्थानचा होतो. बंगालचा किंवा पंजाबचा विद्यार्थी, जो पुण्यांत भेटता तर परप्रांतीय ठरता, तो तेथें घरचा माणूस ठरतो. बापटांचें तसेंच झालें. इंग्रजी राज्याविषयीं त्यांनीं १९०६ सालीं लिहिलेल्या निबंधामुळें त्यांची शिष्यवृत्ति गेली. पुढें लंडनमध्यें श्यामजी कृष्णवर्मा यांचें ‘इंडिया हाऊस’ हा त्यांचा आसरा झाला. आणि पॅरिस येथें बंगालचे हेमचंद्र दास यांच्यासमवेत त्यांनीं एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँबची विद्या घेतली. ती घेऊन १९०८ सालीं ते स्वदेशीं परतले.

परदेशांत उभारलेलें हें घर भव्य होतें खरें. पण त्यांत माणसें थोडीं होतीं. अलीपूर प्रकरणानंतर बापटांस भूमिगत व्हावें लागलें. त्या अज्ञातवासांत देशभर हिंडतांना त्यांस असें आढळून आलें कीं, आपल्यावर परक्यांचें राज्य आहे ही जाणीवच बहुसंख्य लोकांस नाहीं. ज्यांच्यासाठीं त्यांनीं शिष्यवृत्ति गमावली, त्या घरच्या मंडळींस घर लुटलें गेल्याची वार्ताहि नव्हती! तेव्हांपासून राज्य उलथून टाकण्यापेक्षां लोकांस जागें करण्याकडे त्यांचें लक्ष वळलें. १९१२ सालीं ते पकडले गेले व १९१५ सालीं सुटले. पुढें पारनेरच्या लोकांनीं त्यांस पहाटे उठून हातांत केरसुणी घेऊन गांवचे रस्ते झाडतांना पाहिलें. विलायतेंत शिकून आलेला मनुष्य गांवचा केर काढतो, हें दृश्य त्या काळीं किती विपरीत वाटलें असेल!

त्याच १९१५ सालीं दक्षिण आफ्रिकेंत २१ वर्षें घालवून गांधीजी परत आले, तेव्हां गोखल्यांनीं त्यांस वर्षभर नुसता देश पाहावयास सांगितलें होतें. दूर राहून मनांत रचलेला देश परतल्यावर पायांनीं तपासून घ्यावा लागतो, हें गोखल्यांस चांगलें ठाऊक असावें. बापटांस तें कोणी सांगितलें नव्हतें. पोलिसांच्या ससेमिऱ्यानेंच तें शिकविलें.

मुळशीचा प्रश्न उभा राहिला तो असा. टाटांच्या वीज कंपनीस मुंबईसाठीं वीज हवी होती. मुळशीचें पाणी अडवून, डोंगर पोखरून, कोंकणांत भिरा येथें सोडावयाचें आणि त्या पडत्या पाण्यावर यंत्रें चालवावयाचीं, ही योजना. जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यानें घेतल्या गेल्या, मोबदल्यादाखल पैसे. यंत्रविद्येचे विद्यार्थी असलेल्या बापटांस या योजनेंतील कौशल्य कळत नव्हतें असें मुळींच नाहीं. तंटा यंत्राशीं नव्हता; घरधन्यास न विचारतां घर विकलें जातें, याच्याशीं होता. त्यांतहि एक पेंच होता. खोऱ्यांतील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. सावकारास जमीन म्हणजे दस्तऐवज. त्याचे रुपये झाले कीं काम संपलें. कसणाऱ्या मावळ्यास ती जमीन म्हणजे आजापणजाचा मुक्काम. पुण्यापासून अवघ्या एका दिवसाच्या पायवाटेवर असूनहि सावकार त्या मातीस परका राहिला, आणि सातासमुद्रांपलीकडे जाऊन आलेला बापट तिचा झाला.

१६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीस, मावळे कामाच्या जागीं जाऊन बसले व काम थांबलें. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव प्रभृति कार्यकर्ते त्यांत होते. स्त्रियाहि मागें राहिल्या नाहींत. परंतु कंपनी पुन्हां कामास लागली, अटकसत्र चाललें, मोबदला घेणारांची संख्या वाढत गेली. डिसेंबर १९२४ मध्यें बापटांनीं धरणाच्या कामावर जाणारी आगगाडी रुळांवर दगड रचून अडविली. हें गांधीजींच्या कसोटीस उतरणारें नव्हतें. पॅरिसचा जुना शिष्य अजून पुरता निमाला नव्हता, असेंच म्हणावें लागतें. त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

खोऱ्यांतील माणसें उठलीं. कांहीं वरच्या डोंगरउतारांवर जाऊन राहिलीं, कांहीं दूर गेलीं. परदेशीं पाऊल न टाकतांच तीं परदेशी झालीं. आणि परदेशानें बापटांस जें दिलें तें त्यांस मिळालें नाहीं. त्यांचें घर मोठें झालें नाहीं, नुसतें नाहींसें झालें. १९२७ सालीं मुळशीचें पाणी भिऱ्याच्या यंत्रांवर कोसळूं लागलें, मुंबईस वीज पोंचली. सेनापति त्या वेळीं तुरुंगांत होते.