लेखनसीमा

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल ज्यांनी सोडून पाहिले असतील, त्यांच्या नजरेस पत्राच्या तळाशी उमटवलेला एक लहानसा शिक्का आला असेल. त्यावर 'लेखनसीमा' एवढीच अक्षरे असतात. शिवाजी महाराजांच्या पत्रांत याच जागी 'मर्यादेयं विराजते' हे शब्द आढळतात. वरची मुद्रा पत्र कोणाचे ते सांगते; खालचे मोर्तब ते कोठे संपले एवढेच सांगते.

एवढ्यासाठी निराळा शिक्का कशाला, असे कोणी विचारील. 'बहुत काय लिहिणे' असे लिहिले की पत्र संपलेच की! पण ते शब्द बोरूतून उतरलेले. दुसरा बोरू त्यांच्यापुढे आणखी एक चावर जमीन सहज लिहून टाकील. शिक्का बोरूने उठत नाही. मजकुराहून वेगळ्या साधनाने शेवट दाखवावयाचा, हेच त्या युक्तीचे मर्म आहे, असे आम्हांला वाटते. धनादेशावर रकमेपुढे आपण 'मात्र' लिहितो, तेही मोर्तबच. पण दुबळे, कारण तेही लेखणीचेच.

संगणकवाल्यांपुढे हाच पेच पडला. गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली रचलेल्या सीपी/एम या प्रणालीत फाईलची लांबी १२८ बाइटांच्या गठ्ठ्यांत मोजली जाई. शेवटचा गठ्ठा अर्धाच भरला असेल, तर मजकूर कोठे संपला हे कळेना. म्हणून तेथे कंट्रोल-झेड हे चिन्ह ठेवीत. झेड इंग्रजीतले सव्विसावे अक्षर, म्हणून चिन्हाचा क्रमांक २६. साध्या मजकुरात ते येत नाही. म्हणजे शिक्काच झाला. १९८१ च्या एमएस-डॉसला फाईलची लांबी बाइटागणिक ठाऊक असे, तरी त्यानेही हे चिन्ह सांभाळले. वाडा नवा बांधला, दिंडीदरवाजा जुनाच ठेवला!

मराठीचे नडले ते येथे. देवनागरीच्या 'इस्की' संकेतात अक्षरांचे क्रमांक १६१ पासून पुढे, तेव्हा तेथे भय नव्हते. पण त्या काळच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरना आपली अक्षरे ठाऊक नसत. त्यांचे ठिपक्यांचे चित्र करून पाठवावे लागे. आठ सुयांचा एक उभा स्तंभ म्हणजे एक बाइट. वरून चौथी, पाचवी आणि सातवी एवढ्याच सुया उठावयाच्या असल्या, की त्या बाइटाची किंमत होते २६. म्हणजे एखाद्या 'ळ'च्या वळणातच लेखनसीमा उमटायची!

यात प्रिंटर फसत नसे. चित्राचे किती स्तंभ येणार हा आकडा त्याला आधीच कळवलेला असे. फसे तो फाईल पोचवणारा 'कॉपी' हा हुकूम. पहिल्या २६ शी तो थांबे, आणि प्रिंटर उरलेल्या स्तंभांची वाट पाहत बसे. पुढे कोणी साधा मजकूर पाठवला, तर त्याचीही अक्षरे ठिपके समजून छापून मोकळा होई. बिघाड कोणाचा, यावर मग वाद.

उपाय सोपा होता. हुकुमात '/बी' जोडले, की चिन्हाकडे न पाहता नोंदलेल्या लांबीइतके सर्व बाइट जात. त्याची उलट खोड अशी, की साध्या मजकुराच्या शेवटचा २६ ही प्रिंटरकडे जाई आणि एखादे यंत्र तेथे भलतेच चिन्ह काढी. पान बाहेर काढण्याचा हुकूम निराळाच, क्रमांक १२; तो विसरला तर शेवटचे पान आतच राही.

राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापावयास घेतली. अशा छापील ग्रंथांत शिक्क्याचे शब्द मजकुराच्याच खिळ्यांनी जुळवावे लागतात. त्यांभोवती चौकट घातली नाही, तर 'लेखनसीमा' हा पत्रातलाच एक शब्द होऊन बसतो.