खांद्यावरचे तारे आणि लग्नाची अट : लष्करी परिचारिकांची कहाणी

१/ १८८८ साली इंग्लंडहून आलेल्या १० प्रशिक्षित परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. हिंदुस्थानातील लष्करी रुग्णालयांत तोवर आजारी गोऱ्या शिपायांची शुश्रूषा प्रामुख्याने शिपाईच करीत. आजच्या लष्करी परिचर्या सेवेचा उगम या १० जणींपाशी आहे.

२/ त्यांच्यापैकी कॅथरीन ग्रेस लॉक यांनी रावळपिंडीत कामाची घडी बसवली. १९२६ मध्ये ‘इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस’ हे नाव रूढ झाले.

३/ दुसऱ्या महायुद्धात परिचारिकांची निकड वाढली. १९४३ च्या अध्यादेशाने सेवेतील परिचारिकांना कमिशनप्राप्त अधिकाऱ्यांचा दर्जा दिला. मात्र सेवा ठरली सैन्याची ‘साहाय्यक’. मान आणि मर्यादा एकाच कागदावर आल्या.

४/ स्वातंत्र्यानंतर लष्कराने स्वतःच परिचारिका घडवण्याचा मार्ग रुंदावला. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयासारख्या (एएफएमसी) संस्थांत ४ वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंगचे शिक्षण सरकारी खर्चाने मिळते. त्याबदल्यात सेवेचा करार करावा लागतो. उत्तीर्ण झाल्यावर लेफ्टनंटपद. फी परवडत नसलेल्या घरातील मुलीसाठी हे दार मोलाचे.

५/ १९७६ मध्ये याच सेवेतील गर्ट्रूड अली राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात हा हुद्दा मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

६/ परंतु १९७७ च्या एका लष्करी सूचनेनुसार विवाह हेही परिचारिकेस सेवामुक्त करण्याचे कारण ठरले. पुरुष अधिकाऱ्यांना अशी अट नव्हती. १९८८ मध्ये, म्हणजे त्या पहिल्या तुकडीच्या आगमनाला १०० वर्षे होत असताना, लष्करातच शिकून लेफ्टनंट झालेल्या एका परिचारिकेने सैन्याधिकाऱ्याशी विवाह केला आणि तिची नोकरी गेली.

७/ ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली गेली. तिचा लढा मात्र चालूच राहिला. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा नियम मनमानी व लिंगभेद करणारा ठरवून तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. वर्दी परत मिळण्याचे वय तोवर उलटून गेले होते.

८/ शिक्षण, हुद्दा, वेतन हे सारे लष्कराने स्त्रियांना बऱ्याच आधी दिले. संसार करूनही ते टिकवण्याचा हक्क मात्र त्यांना न्यायालयात भांडून मिळवावा लागला. १९४३ चा तो अध्यादेश आजही या सेवेचा कायदेशीर पाया आहे.