मुलाची गिअरची सायकल

गेला महिनाभर ब्लॉगकडे फिरकलो नाही, त्याचं कारण घरच्यांना ठाऊक आहे. हात ग्रीसने बरबटलेले होते!

झालं असं, की पावसाळ्याआधी मागची धानाची कोठी रिकामी करायला काढली. कोपऱ्यात मुलाची सायकल उभी होती. जाड टायरची, सरळ हँडलची, १९९७ साली त्याच्या दहावीच्या निकालानंतर घेतलेली. फ्रेमवरचं कंपनीचं नाव पुसलेलं, चेन गंजून काठीसारखी ताठ. चौकातल्या मिस्त्रीने पायडल हलवून पाहिलं आणि म्हणाला, "गुरुजी, याले भंगारात देऊन टाका ना जी. काहून हात काळे करता?"

दिलीही असती. पण या सायकलीचं मी एक जुनं देणं लागतो. ते पुढे येईलच.

आधी फ्रेम. सीटचा दांडा आतल्या आत गंजून असा बसला होता की दोघांनी पिळूनही हलेना. रॉकेल आणि तेल सोडून दोन रात्री ठेवला, तेव्हा कुठे सुटला. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. पाणी सीटच्या भोकातून आत शिरतं आणि थेट खाली, पायडलचा एक्सल असतो तिथे जाऊन साचतं. तिथले छर्रे काढले तर निम्मे खडबडीत झालेले आणि ग्रीसच्या जागी तांबडा चिखल. उजव्या बाजूची वाटी काढताना मी अर्धी सकाळ घाम गाळला. मग मिस्त्री हसत म्हणाला, "गुरुजी, तिचे आटे उलटे असतात." पायडल मारून मारून ती वाटी आपोआप सुटू नये, म्हणून त्या बाजूला मुद्दाम उलटे आटे ठेवतात. मी पन्नास वर्षं सायकल चालवली, आणि हे मला ठाऊक नव्हतं!

पॉलिश पेपरने रंग उतरवल्यावर हँडलच्या खाली, जिथे दोन नळ्या मिळतात, तिथे केसाएवढी चीर दिसली. पोटात गोळाच आला. पण लोखंडी फ्रेमचं हेच बरं असतं. मिस्त्रीने गॅसवर तापवून पितळेची झाळ भरली, कानस मारली, आणि मी वरून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले.

हात कामात असले की डोकं भटकतं, आणि इतिहास शिकवणाऱ्या माणसाचं डोकं जरा जास्तच. ही जात आली कुठून? आमच्या पिढीची सायकल म्हणजे काळी, उंच, इंग्रजी घाटाची. स्वातंत्र्यानंतर ती इथेच मोठ्या संख्येने बनू लागली. १९४९ साली मद्रासजवळ अंबत्तूरची टीआय सायकल्स उभी राहिली, १९५१ साली सोनिपतची अ‍ॅटलस आली आणि १९५६ साली लुधियानाची हिरो. माझी पहिली सायकल अ‍ॅटलस होती. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा होता. ती बातमी वाचून मला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं.

ही जाड टायरची सायकल मात्र अमेरिकेतली, कॅलिफोर्नियाच्या मरिन काउंटीतली. नातीने इंटरनेटवर शोधून दिलं तेव्हा मी चाटच पडलो, कारण तिचा जन्म भंगारातून झालेला आहे! १९७० च्या दशकात तिथली काही पोरं १९३० आणि ४० सालच्या, मोडीत निघालेल्या श्विन कंपनीच्या सायकली शोधून काढत, त्यांची दुरुस्ती करत आणि डोंगरावरून खाली सोडत. त्या जुन्या सायकलींना जाड फुगे टायर होते, म्हणून त्या दगडधोंड्यांत टिकत. २१ ऑक्टोबर १९७६ ला फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर त्यांनी पहिली शर्यत लावली. उतार सुमारे १३०० फुटांचा. पायडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापे, की हबमधलं ग्रीस जळून धूर निघे. खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं, म्हणजे पुन्हा भरा!

पुढे १९७७ साली जो ब्रीझ नावाच्या तरुणाने डोंगरासाठी खास नवी फ्रेम बनवली, आणि १९८१ मध्ये 'स्टम्पजम्पर' नावाची सायकल कारखान्यातून मोठ्या संख्येने बाहेर पडली. पण त्या मोडीतल्या सायकलींच्या चाकाचं माप, २६ इंच, तेवढं मागे राहिलं. माझ्या मुलाच्या सायकलीचं तेच. बरं, २६ म्हणजे सगळे २६ सारखे नव्हेत. दुकानातून मी २६ x १ ३/८ चं टायर आणलं, ते बसेचना. या सायकलीची रिम त्यापेक्षा तब्बल ३१ मिलिमीटर लहान असते. दुसरी चक्कर पडली.

आता चेन. ही गोष्ट मला सगळ्यात आवडली. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. पट्टी लावा, २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. पिना झिजल्या की चेन लांबते. १२ वर १/१६ इंच भरली तर नुसती चेन बदला. १/८ भरली तर तिने दातेही खाल्लेले असतात, मग फ्रीव्हीलसुद्धा बदलावं लागतं. आमची पाव इंच भरली! ही रोलरची चेन हान्स रेनॉल्डने १८८० मध्ये मँचेस्टरला शोधून काढली. अजूनही मूळ रचना तीच आहे.

आणि इथेच ते देणं.

१९९८ च्या पावसाळ्यात मुलगा मित्रांबरोबर सालेकशाला निघाला होता, पुढे दरेकसा, हाजरा फॉल. (तेव्हा आपण भंडारा जिल्ह्यात होतो, गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला.) वाटेत गिअरचा मागचा हात चाकाच्या तारांमध्ये अडकून मोडला. पोरगा सायकल ढकलत संध्याकाळी घरी आला. मी काय केलं? "गोंदियात कुठे डोंगर आहेत? गिअर ही थेरं आहेत" असं म्हणून दुसऱ्याच दिवशी दुकानात नेऊन सगळे गिअर काढून टाकले आणि साधं एकदाती फ्रीव्हील चढवलं. ते सहज चढतं, कारण दोन्हींचे आटे एकच. पंधरा मिनिटांचं काम. पोरगा काही बोलला नाही. ती सायकल त्याने ट्यूशनपुरती वापरली आणि बारावीनंतर तीही नाही. दरेकशाचा चढ राहूनच गेला. डोंगर कुठे आहेत म्हणणारा मी स्वतः त्या बोगद्याच्या गाडीतून कितीदा गेलो होतो.

काळ्या इंग्रजी सायकली जपणारी माणसं आहेत. पुण्याला कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय मी पाहिलंय, मन भरून आलं. पण नव्वदच्या दशकातल्या या गिअरवाल्यांना अजून 'जुनी' म्हणवून घेण्याचा मान नाही. त्या नुसत्याच भंगार. असो.

सहा दात्यांचं फ्रीव्हील मिळालं. गिअरची चेन साध्या चेनपेक्षा अरुंद लागते, तीही मिळाली. मागचा हात गोंदियाहून मागवला. मिस्त्री, जो आधी फेका म्हणत होता, तोच आता रोज संध्याकाळी डोकावून जातो.

काल मुलाला फोटो पाठवला. तो बेंगलोरला असतो, आता चाळिशी ओलांडलेला. बराच वेळ उत्तर नाही. मग एकच ओळ आली, "बाबा, गिअर लावले?"

मी लिहिलं, लावले. दिवाळीला ये.

चौथ्यावरून पाचव्यावर जाताना चेन अजून अडखळते. उद्या तार ओढून घ्यायची आहे.